टेक्सासच्या टेकड्यांतून, नदीच्या काठाकाठाने

टेक्सासचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला देखावा उभा राहतो. ओसाड माळ, निवडुंग, घोड्यावरचा काउबॉय आणि लांब कुठेतरी वरखाली होणारा तेलाचा पंप. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी ह्यूस्टन वा डॅलसला जाणारे आईवडीलही बहुधा हेच चित्र मनात घेऊन विमानात बसतात. प्रत्यक्षात दिसतात ते आठपदरी रस्ते, काचेच्या इमारती आणि नजर पोचेल तिथवर सपाट जमीन. महिन्याभरात मॉलमध्ये फिरण्याचाही कंटाळा येतो. मग एखाद्या शनिवारी मुलगा म्हणतो, "चला बाबा, तुम्हाला हिल कंट्री दाखवतो."

हिल कंट्री म्हणजे टेकड्यांचा मुलूख. ऑस्टिन आणि सान अँटोनिओ या दोन शहरांच्या पश्चिमेला तो पसरलेला आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने इथे कडे आणि सुळके यांची अपेक्षा ठेवू नये. इथल्या टेकड्या बुटक्या, गोल पाठीच्या आहेत. पण त्यांच्या मधून जाणारा वळणावळणाचा रस्ता, दर तीसचाळीस किलोमीटरवर येणारे एखादे जुने दगडी गाव आणि प्रत्येक गावाला बिलगून वाहणारी एखादी नदी, हे सारे असे काही जुळून आले आहे की गाडी भरधाव हाकण्याचा मोहच होत नाही.

ऑस्टिनहून २९० क्रमांकाचा महामार्ग पकडला की अर्ध्यापाऊण तासात शहर मागे पडते. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्यापिवळ्या चुनखडकाचे थर दिसू लागतात. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ म्हणजे हा खडक. त्यात शंखशिंपल्यांचे ठसे आजही सापडतात. खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. त्यात वाढतात ती चिवट ओकची झाडे आणि इथले लोक ज्याला सीडार म्हणतात ते जुनिपर. (दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डिसेंबर, जानेवारीत इकडे येण्याचे टाळावे. त्या दिवसांत सीडारचे परागकण हवेत इतके पसरतात की धडधाकट माणसेही शिंकून बेजार होतात.)

या खडकातच इथल्या साऱ्या सुखदुःखाचे मूळ आहे. साधा पाऊस पडला तर पाणी भेगांतून खाली झिरपते आणि जमिनीखालच्या प्रचंड साठ्याला जाऊन मिळते. सान अँटोनिओ शहर मुख्यतः त्याच पाण्यावर जगते. पण मेक्सिकोच्या आखातावरून आलेली ओली हवा या टेकड्यांना अडून कोसळू लागली, तर मात्र पातळ मातीला ते पाणी पेलवत नाही. ते उतारावरून थेट नदीत धावते. हवामानखात्याची माणसे या पट्ट्याला अचानक येणाऱ्या पुरांची गल्लीच म्हणतात. १९५० ते १९५७ अशी सात वर्षे टेक्सासने भीषण दुष्काळ सोसला आणि त्याचा शेवट झाला तोही पुरांनी.

चूल, रहाट आणि वीज

ऑस्टिनहून साधारण ८० किलोमीटरवर जॉन्सन सिटी लागते. नावात सिटी असली तरी गाव एवढेसे. अमेरिकेचे ३६वे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे बालपण इथे गेले. पण गावाला नाव पडले ते त्यांच्यामुळे नव्हे, त्यांच्या घराण्यातील एका नातेवाईकामुळे. त्यांचे लहानपणीचे घर जपून ठेवले आहे. पुढे पंचवीसेक किलोमीटरवर स्टोनवॉल या गावाजवळ पेडर्नालेस नदीच्या काठी त्यांचे कुरण आहे. अध्यक्षपदाच्या काळात ते इथूनही कारभार पाहत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडी यांची हत्या झाली आणि त्याच दिवशी जॉन्सन यांनी शपथ घेतली. पुढच्या काही वर्षांत जगभरचे पाहुणे या नदीकाठी येऊन गेले. १९७३ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. नदीपासून काही पावलांवर, ओकच्या सावलीत, कुटुंबाच्या लहानशा दफनभूमीत ते आणि त्यांच्या पत्नी लेडी बर्ड विसावले आहेत.

कुरणाच्या समोर, नदीच्या पलीकडे राज्य सरकारने एक जुनी जर्मन शेतवाडी जशीच्या तशी राखली आहे. पर्यटकांनी ती चुकवू नये, विशेषतः महिलांनी. १९१५-१८च्या सुमाराचे शेतकरी कुटुंब कसे जगत होते, ते इथले कर्मचारी त्या काळचे कपडे घालून प्रत्यक्ष करून दाखवतात. लाकडे घालून पेटवलेली लोखंडी चूल, हाताने काढलेले लोणी, घरी केलेला साबण, चुलीवर तापवून वापरायची जड इस्त्री. अमेरिकेत सगळे यंत्रावर चालते अशी समजूत घेऊन आलेल्या सासूबाईंना हे सारे ओळखीचे वाटते आणि अमेरिकेत वाढलेली नात मात्र डोळे विस्फारून पाहत राहते.

हे जिणे १९१८ला संपले नाही. ऑस्टिन, सान अँटोनिओमध्ये विजेचे दिवे लखलखत असताना या टेकड्यांतल्या बायका १९३०नंतरही विहिरीतून किंवा नदीवरून बादल्यांनी पाणी वाहत होत्या. घरे एकमेकांपासून इतकी दूर की तारा टाकणे परवडत नाही, असे वीज कंपन्यांचे म्हणणे होते. जवळच्या कोलोरॅडो नदीवर धरणे उभी राहत होती, त्यावर वीज तयार होणार होती, पण ती टेकड्यांतल्या घरापर्यंत येणार नव्हती. (ही टेक्सासची कोलोरॅडो. ग्रँड कॅन्यनमधली ती वेगळी.) जॉन्सन १९३७ मध्ये पहिल्यांदा संसदेत निवडून गेले ते याच भागातून. त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे पाठपुरावा केला. १९३८ मध्ये शेतकऱ्यांची सहकारी वीजसंस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तारांमधून वीज आली. सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना आठवतो. या लोकांना विजेचा दिवा आठवतो. पेडर्नालेसच्या नावाची ती संस्था आजही या भागाला वीज पुरवते.

भारतीय पर्यटकाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी अशी आहे. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षी आपल्याकडे पाऊस रुसला होता आणि देशाची मदार अमेरिकेहून येणाऱ्या पीएल-४८०च्या गव्हावर होती. रेशनच्या रांगेत उभे राहून तो गहू आणि तांबडा मिलो आणलेली पिढी अजून घरोघरी आहे. तो गहू वर्षाचा एकदम न देता थोडाथोडा सोडायचा, असे धोरण जॉन्सन यांनी ठेवले होते. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे हा त्यामागचा एक हेतू होता. व्हिएतनामवरून भारताने केलेली टीका त्यांना झोंबली होती, हेही खरे. भारतात कुठे पाऊस झाला आणि कुठे नाही, याची खबर ते स्वतः ठेवत. पावसाची वाट पाहत घरात बसणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या माणसाने असे वागावे, याचे नवल पेडर्नालेसच्या काठी उभे राहिल्यावर अधिकच वाटते.

लेडी बर्ड यांची आठवण मात्र या रस्त्यावर गोडच निघते. महामार्गांच्या कडेचे जाहिरातफलक आणि भंगाराचे ढीग हटावेत, फुले दिसावीत, म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि १९६५ मध्ये तसा कायदा झाला. मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे ब्लूबॉनेट फुलते. हे टेक्सासचे राज्यफूल. विदर्भात जवसाचे शेत फुलावे तशी रस्त्याची दोन्ही अंगे निळी होऊन जातात. गाड्या थांबवून, मुलांना त्या निळाईत बसवून फोटो काढणे हा इथला दरवर्षीचा घरगुती सोहळाच आहे. मात्र आदल्या शरद ऋतूत पाऊस झाला नाही, तर फूलही नाही.

रस्त्यात दोन अक्षरे

स्टोनवॉलच्या आसपास पीचच्या बागा आहेत. मे ते ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या मांडवांतून ताजी पीच, त्यांचा मुरंबा, त्यांचे आइस्क्रीम मिळते. अलीकडे पीचपेक्षा द्राक्षबागा आणि वाइनची दुकाने जास्त दिसू लागली आहेत आणि शनिवार-रविवारी त्यामुळे रस्त्यावर गर्दीही होते. ज्याला शांतता हवी, त्याने मधल्या वारी यावे.

मग येते फ्रेडरिक्सबर्ग. १८४६ मध्ये जर्मनीहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी हे गाव वसवले. बैलगाडी सहज वळावी म्हणून मुख्य रस्ता भरपूर रुंद ठेवला, तो तसाच आहे. दूरच्या शेतांवर राहणारी कुटुंबे शनिवारी बाजाराला आणि रविवारी चर्चला येत. एका रात्रीच्या मुक्कामासाठी त्यांनी गावात एकेका खोलीची छोटी घरे बांधली. त्यांना संडे हाउस म्हणतात. गावातल्या आडव्या रस्त्यांची नावे हा एक खेळच आहे. कचेरीपासून पूर्वेला जाताना प्रत्येक रस्त्याच्या नावाचे पहिले अक्षर जुळवत गेले तर 'ऑल वेलकम' होते, पश्चिमेला जाताना 'कम बॅक'. गाडीतल्या मुलांना हे काम द्यावे, अर्धा तास निवांत जातो.

या गावाची खरी मिरवण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. जर्मन आले तेव्हा हा सारा प्रदेश कोमांची जमातीचा होता. वसाहतीचे प्रमुख मॉइझेबाख यांनी १८४७ मध्ये कोमांची नायकांशी समोरासमोर बसून तह केला. अमेरिकेत मूळ रहिवाशांशी केलेले बहुतेक करार गोऱ्यांनी मोडले. हा तह दोन्ही बाजूंनी पाळल्याचे इथे अभिमानाने सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील अमेरिकन आरमाराचे नेतृत्व करणारे अ‍ॅडमिरल निमित्झ याच गावचे. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या या गावात पॅसिफिक युद्धाचे मोठे राष्ट्रीय संग्रहालय आहे ते त्यांच्यामुळे. संग्रहालयामागे जपानी लोकांनी भेट दिलेली शांततेची बाग आहे. ज्यांच्या आरमाराचा निमित्झ यांनी पराभव केला, त्यांनीच ती दिली. आपल्या वाचकांना ठाऊक नसेल, पण १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काश्मीरमधील सार्वमताचे प्रशासक म्हणून याच निमित्झ यांना नेमले होते. ते सार्वमत कधी झालेच नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी ठेवावी. हा मुलूख भाजलेल्या मांसाचा. पण जर्मन बेकऱ्यांत ताजा पाव आणि गोड पदार्थ मिळतात आणि मेक्सिकन खाणावळीत घेवड्याच्या उसळीसारखे बीन्स घातलेली टाको सगळीकडे मिळते. बीन्समध्ये चरबी घातली आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

गावाच्या उत्तरेला सत्तावीस किलोमीटरवर एंचांटेड रॉक आहे. चुनखडकाच्या मुलखात अचानक उभी राहिलेली गुलाबी ग्रॅनाइटची एक अवाढव्य, गुळगुळीत पाठ. आसपासच्या जमिनीपासून उंची सुमारे १३० मीटर, वय सुमारे शंभर कोटी वर्षे. पायऱ्या नाहीत, दोर नाही, नुसत्या खडकावरून चालत जायचे. दिवसभर तापलेला खडक रात्री निवताना करकरतो. ते आवाज ऐकून जुन्या जमातींनी इथे आत्म्यांचा वास मानला. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतच चढावे. दक्षिणेला लुकेनबाख नावाचे जुने पोस्ट ऑफिस, दुकान आणि नाचघर एवढेच असलेले ठिकाण आहे. १९७७ मध्ये वेलन जेनिंग्ज यांच्या एका गाण्यामुळे ते साऱ्या अमेरिकेत गाजले. झाडाखाली गिटार घेऊन बसलेली माणसे पाहायला अर्धा तास पुरे.

हिरवी, शांत ग्वादालुपे

फ्रेडरिक्सबर्गहून १६ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला चाळीस किलोमीटरवर कर्व्हिल. इथे ग्वादालुपे नदी भेटते आणि देखावा एकदम बदलतो. कोरड्या टेकड्यांच्या पायथ्याशी हिरवेगार, स्वच्छ पाणी आणि दोन्ही काठांना पाण्यात मुळे सोडून उभे असलेले उंच सायप्रस वृक्ष. कर्व्हिल सुरू झाले ते याच झाडांच्या फळ्या करून छपरांसाठी विकणाऱ्या लोकांच्या तळातून. नदीच्या वरच्या अंगाला इंग्रम आणि हंट ही छोटी गावे. रस्ता कधी या काठाने, कधी त्या काठाने जातो. नदी ओलांडायला अनेक ठिकाणी उंच पूल नाहीत, आपल्याकडे असतात तसे फरशी पूल आहेत. चाकांना जेमतेम पाणी लागते. मुलांना त्याची फार गंमत वाटते. प्रत्येक फरशीजवळ फुटांच्या खुणा केलेला एक खांब उभा असतो. पाच फूट, सहा फूट. उन्हात चकाकणाऱ्या घोटाभर पाण्याजवळ तो खांब उगाचच उभा केल्यासारखा वाटतो.

तो उगाच नाही. ४ जुलै २०२५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सुट्टी म्हणून नदीकाठची घरे, तंबू आणि मुलांची उन्हाळी शिबिरे भरलेली होती. पहाटेच्या अंधारात वरच्या खोऱ्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. हंटजवळ नदी पाऊण तासात सुमारे २६ फुटांनी चढली. माणसे झोपेत होती. केर काउंटीत शंभरावर आणि राज्यात सगळे मिळून १३०हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नदीकाठच्या मुलींच्या एका शिबिरातील शिबिरार्थी आणि त्यांना सांभाळणाऱ्या तरुण मुली मिळून २७ जणींचा त्यांत समावेश होता. मोबाइलवर इशारे आले होते, पण रात्री अनेकांनी फोन बंद ठेवले होते आणि खोऱ्यात कित्येक जागी फोनला रेंजच नाही. नदीकाठी भोंगे बसवावेत अशी चर्चा या काउंटीत कितीतरी वर्षे चालली होती. खर्चापाशी ती अडली होती.

नदीने हे पहिल्यांदा केले असेही नाही. १९३२चा पूर, १९७८चा पूर जुन्या लोकांच्या बोलण्यात येतात. १९८७च्या जुलैमध्ये कम्फर्टजवळच एका शिबिरातून मुलांना परत नेणारी बस पुरात सापडली आणि दहा मुले गेली.

म्हणूनच या भागात फिरताना थोडी शिस्त पाळावी. ढग दिसत असतील तर फरशीवर गाडी घालू नये. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. 'मागे फिरा, बुडू नका' अशा पाट्या ठिकठिकाणी लावल्या आहेत. मुक्काम नदीकाठी असेल तर रात्री फोन चालू ठेवावा आणि उंचावर जायची वाट उजेडातच पाहून ठेवावी. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारात गाडी हळू चालवावी. पेट्रोल अर्ध्यावर आले की भरावे. काउबॉयच पाहायचे असतील तर कर्व्हिलहून बँडेराला जाता येते. तिथल्या कुरणांवर पाहुण्यांना घोड्यावर बसवतात. पण त्यासाठी एक दिवस वेगळा काढावा लागतो.

कम्फर्टचा भोंगा

कर्व्हिलहून नदीच्या खालच्या अंगाला तीसेक किलोमीटरवर कम्फर्ट लागते. वस्ती दोन हजारांच्या आसपास. १८५४ मध्ये जर्मनीतून आलेल्या स्वतंत्र विचारांच्या लोकांनी वसवलेले हे गाव. गावात एक साधा दगडी स्तंभ आहे. यादवी युद्धात टेक्सास गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने उतरले, तेव्हा इथल्या जर्मन तरुणांना ते मान्य नव्हते. ते मेक्सिकोकडे निघाले. ऑगस्ट १८६२ मध्ये न्यूएसेस नदीकाठी दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांना गाठले. काही लढताना मेले, जखमींना नंतर ठार करण्यात आले. युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी तिथून त्यांची हाडे गोळा करून आणली आणि १८६६ मध्ये हा स्तंभ उभारला. त्यावर मृतांची नावे आहेत आणि जर्मन भाषेत देशाशी निष्ठा एवढेच शब्द.

मेलेल्यांना न विसरणारे हे गाव आहे. १९७८च्या पुरात या परिसरात ३३ जणांचा बळी गेला, त्यांतले पंधरा कम्फर्टचे. गावच्या अग्निशमन दलात काम करणारी माणसे पगारी नाहीत, गावातलीच आहेत, आणि त्यांच्या घरांत त्या पुराच्या गोष्टी सांगितल्या जातात. २०२४ मध्ये त्यांनी पैसे जमवून नवा भोंगा घेतला. जुना भोंगा टाकून न देता दुरुस्त केला आणि ओढ्याजवळच्या बागेत बसवला. पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राला तो जोडला, म्हणजे पाणी ठरावीक खुणेच्या वर गेले की माणसाची वाट न पाहता भोंगा आपोआप वाजेल. मग लोकांना सवय व्हावी म्हणून दररोज दुपारी बारा वाजता तो वाजवून पाहू लागले. बारा सोडून दुसऱ्या कुठल्याही वेळी वाजला तर काहीतरी घडले आहे, हे अशाने सगळ्या गावाला माहीत झाले.

४ जुलैला वरचे पाणी कम्फर्टच्या दिशेने येत होते, तेव्हा दोन्ही भोंगे वाजले. दलाच्या गाड्या दारोदार फिरल्या, लोक उंचावर गेले. नदी गावात शिरली, पण कम्फर्टमधला एकही माणूस दगावला नाही.

गावाच्या मुख्य रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारती आहेत. त्यांत जुन्या वस्तूंची दुकाने आणि दोनतीन बरी उपाहारगृहे आहेत. इथे जेवून निघाले तर सान अँटोनिओ सव्वा तासाच्या आत येते.